उपदेश पुष्कळ, ऐकणारा कोणी नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळच्या वेळी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत शिकणारी. शाळेत प्रार्थनेला उभी असताना महिन्याभरात तीनदा चक्कर येऊन पडली होती. आईच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत होती. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. दोन ठिकाणी सलाइन लावून झाले होते. मधल्या काळात एका भगताकडचा अंगाराही लावून झाला होता.

"डॉक्टरसाहेब, पोरगी जेवत नाही, बोलत नाही. कोणी कमजोरी म्हनते, कोणी बाहेरचं म्हनते. आता तुमीच पाहा."

खरे सांगतो, बाहेर वीस-पंचवीस रोगी बसलेले असते तर माझाही हात सलाइनच्या बाटलीकडेच गेला असता. त्या दिवशी पाऊस लागून होता आणि दवाखान्यात गर्दी नव्हती. बाईंना औषधे आणायला पाठवले, सिस्टरला दाराशी उभे केले आणि मुलीला विचारले, "रात्री झोप लागते का?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग खाली पाहत म्हणाली, "मी झोपत नाही."

"लागत नाही की झोपत नाही?"

"झोपत नाही."

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील रात्री उठून बाहेर गेले ते परत आले नाहीत. यापेक्षा जास्त काही सांगण्याची गरज यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला नाही. तेव्हापासून ही मुलगी रोज रात्री आईचा पदर मुठीत धरून जागी राहते. आई उठून गेली तर आपल्याला कळले पाहिजे, एवढाच तिचा हिशेब. पहाटे कधीतरी डोळा लागतो, लगेच पाणी भरायला उठावे लागते, अकरा वाजता प्रार्थना. तिला चक्कर येणार नाही तर काय होणार? आणि हे आईला का सांगितले नाहीस म्हणून विचारले, तर उत्तर आले, "माय रडते."

बोलता बोलता ती म्हणाली, "आमचं अपात्र झालं." शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर एक लाख रुपयांची सरकारी मदत मिळते, ती प्रकरण पात्र ठरले तर. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, हे कागद जुळले नाहीत तर प्रकरण अपात्र. माझ्या स्वतःच्या मुलांना त्या वयात हा शब्द फक्त क्रिकेटच्या संदर्भात माहीत असावा. या मुलीच्या तोंडात तो असा बसला होता, जणू तिच्या वडिलांनाच कोणी नापास केले आहे.

(मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळ गोष्ट आहे तशीच आहे.)

आपल्या जिल्ह्याला मोजण्याची सवय आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली शेतकरी कुटुंबाची पहिली जाहीर आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २००१ पासून तर सरकारी दप्तरात दरवर्षीचा आकडा ठेवला जातो, विधानसभेत त्यावर चर्चा होते आणि आपण वर्तमानपत्रात तो वाचतो. परंतु ज्या घरातला माणूस गेला त्या घरात मागे राहिलेली दहा ते एकोणीस वयाची मुले किती, त्यांतली किती रात्री झोपतात, हा रकाना कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. २०१५ मध्ये शासनाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी शेतकरी कुटुंबांत जाऊन मनाची विचारपूस करावी, गरज वाटल्यास दवाखान्यात पाठवावे, अशी चांगली कल्पना होती. पण विचारपूस व्हायची ती घरच्या कर्त्या माणसाची. पोरगं दाराआड उभे राहून ऐकत असते, त्याला कोण विचारतो?

आणि प्रश्न केवळ अशाच घरांचा आहे असेही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मदतीची गरज असणारा काही ना काही मानसिक त्रास आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार मुले. त्यांची घरे तालुक्याच्या गावी असतील, तांड्यावर असतील, कोलाम पोडावर असतील किंवा डॉक्टर-वकिलांच्या बंगल्यात असतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि या यादीत आपले राज्य पहिले होते. ज्या गोष्टींत पहिला नंबर आला म्हणून आपण फटाके फोडतो त्यांत ही बसत नाही, म्हणून बहुधा फारशी चर्चा झाली नाही.

यावर उपाय म्हणून हल्ली जो तो 'समुपदेशन' हा शब्द उच्चारतो. मला हा शब्दच थोडा घातक वाटतो. त्यात 'उपदेश' दडलेला आहे आणि आपल्याकडे लोक नेमका तेवढाच ऐकतात. पोरगं गप्प झाले की त्याला मामाकडे नेतात, मामा तासभर सुनावतो, वर आईबापांच्या कष्टांची आठवण करून देतो. शाळेत एखाद्या वक्त्याला बोलावून दोनशे मुलांसमोर तणावमुक्तीवर भाषण ठेवतात, हारतुरे होतात, फोटो येतो. यातले काहीही समुपदेशन नव्हे. आपल्या मुलांना उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता.

समुपदेशन म्हणजे काय, तर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने एका मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे बंद खोलीत, न टोकता, पुरेसा वेळ देऊन ऐकणे. मग दोघांनी मिळून त्या गुंत्याचे तुकडे करणे. यातले आपल्या हातात काय आहे, काय नाही. जे हातात आहे त्यासाठी या आठवड्यात एक कोणती लहान गोष्ट करून पाहता येईल. पुढच्या भेटीत ती जमली का, नाही जमली तर का नाही, हे पाहणे. बहुतेक मुलांना अशा चार-सहा भेटी पुरतात. गोळ्यांची गरज फार थोड्यांना लागते आणि ते ठरवणे मानसोपचारतज्ज्ञाचे काम. ऐकायला हे इतके साधे वाटते की लोकांचा विश्वास बसत नाही. सलाइन लावली की काहीतरी केल्यासारखे वाटते!

"आमच्या काळी कुठे होते समुपदेशक? आम्ही नाही मोठे झालो?" हा प्रश्न मला दर पालक सभेत ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याचे वय साधारण माझ्याच वयाइतके असते. होते ना समुपदेशक! ओसरीवर बसलेली आजी होती, वखर हाकता हाकता ऐकून घेणारा काका होता, मारलेला धपाटा विसरून जवळ बोलावणारे गुरुजी होते. ते सगळे चांगलेच होते असेही नाही. कितीतरी मुली त्या काळीही विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आल्या, काही परत आल्याच नाहीत, आणि घरच्यांनी पाय घसरला म्हणून सांगितले. पण निदान चार माणसे आजूबाजूला होती. आजचा मुलगा दहावीनंतर नीटच्या तयारीसाठी लातूरला, अकोल्याला किंवा नागपूरला एका खोलीत एकटा राहतो. त्याच्या फीसाठी गावाकडे कापूस विकला गेलेला असतो, कधी एखादा एकर गहाण पडलेला असतो. हे त्याला कोणी सांगत नाही, पण त्याला ते माहीत असते. चाचणीत मार्क कमी पडले की तो घरी फोनवर "बरं चाललं आहे" असे म्हणतो. एकदा असे म्हटले की दर रविवारी तेच म्हणावे लागते.

असाच एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता, आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. अकरावी सायन्स. छातीत धडधड, हातांना घाम. ईसीजी चांगला. हळूहळू त्याने सांगितले की तीन महिन्यांपासून तो शिकवणीला जातच नाही. बसस्थानकावर बसून राहतो आणि शिकवणी सुटण्याच्या वेळी घरी जातो. "बाबाले सांगू नका," एवढेच त्याने मागितले. मी हो म्हणालो. संध्याकाळी त्याचे वडील बाजारात भेटले. जुनी ओळख. मला वाटले, बापाला माहीत असलेले बरे, आपण समजावून सांगू. सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगा घरातून निघून गेला. अकराव्या दिवशी नागपूरला एका खानावळीत कपबशा धुताना सापडला. सापडला हे नशीब. आज तो धंद्याला लागला आहे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. बोलत मात्र नाही. त्याने दुसऱ्या कोणाही मोठ्या माणसाला पुन्हा काही सांगितले असेल असे मला वाटत नाही.

लहान गावात समुपदेशनाची खरी अडचण ही आहे. आपल्याकडे गुपित नावाची वस्तू टिकत नाही. मुलगी दवाखान्याच्या पायरीवर दिसली की सायंकाळपर्यंत तिच्या मावशीला कळते. शिक्षकाला सांगितलेले स्टाफरूममध्ये पोहोचते. पोरे मूर्ख नसतात, ती हे पाहतात आणि तोंड शिवून घेतात. म्हणून समुपदेशक नेमण्याआधी मी विचारीन, खोली कोणती आहे? तिला दार आहे का? रजिस्टर कोणाच्या कपाटात राहणार?

गुप्ततेलाही मर्यादा आहे आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगावी लागते. तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मी घरच्यांना सांगणार. कोणी तुझ्याशी लैंगिक अत्याचार केला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मला ते पोलिसांना कळवावेच लागेल. आणि औषधोपचार सुरू करायचे झाले तर अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. बाकी सगळे तुझे-माझ्यात. हे नियम आधी माहीत असले तर मूल फसवले गेल्यासारखे होत नाही. बसस्थानकावरच्या त्या मुलाच्या जिवाला तेव्हा धोका नव्हता. माझ्याजवळ धीर नव्हता.

आता सर्वोच्च न्यायालयानेच यात लक्ष घातले आहे. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. शिकवणी वर्गांनी मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. मदतीचे फोन क्रमांक शाळेत, वसतिगृहात ठळक लावावेत. याबाबत कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

निकाल उत्तम आहे. पण आपला अनुभव काय सांगतो? आदेश येतो, मुख्याध्यापक सर्वांत तरुण शिक्षकाकडे पाहतात, आणि ज्याच्याकडे आधीच पोषण आहार, मतदार यादी आणि स्काउट आहे त्याच्याकडे आणखी एक 'प्रभार' येतो. खेळाच्या सामानाच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागते. तपासणी झाली की खोलीत पुन्हा चटया. मी कोण्या एका शाळेबद्दल बोलत नाही, आपल्या सर्वांच्या स्वभावाबद्दल बोलतो आहे. पात्र माणसे कुठून आणायची हा प्रश्नही खरा आहे. मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलगी झरी-जामणीला किंवा मारेगावला किती पगारावर येईल आणि किती दिवस राहील?

तरीही हात टेकण्याचे कारण नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. डॉ. विक्रम पटेल आणि गोव्याच्या 'संगाथ' संस्थेची त्यामागे आखणी होती. त्यांनी मोठे डॉक्टर खेड्यात नेऊन बसवले नाहीत. गावातल्याच सर्वसाधारण शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण दिले, त्यांच्यावर जाणकारांची देखरेख ठेवली आणि अवघड रोगी तेवढे तज्ज्ञांकडे पाठवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने केलेल्या पाहणीत हे प्रमाण सत्तावीसवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येतात असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा प्रकल्प मोठ्या माणसांसाठी होता हे खरे. पण याच 'संगाथ'ने पुढे दिल्लीच्या सरकारी शाळांत किशोरवयीन मुलांसाठी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून असेच काम करून दाखवले. अमरावतीच्या खेड्यात जे झाले ते दारव्हा-दिग्रसच्या खेड्यात होणार नाही असे म्हणायला काय आधार आहे? माती तीच, कापूस तोच.

माझे म्हणणे एवढेच आहे. तालुक्यातल्या आठ-दहा शाळांनी मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक ठेवावा, ज्याच्याकडे दुसरा कोणताही प्रभार नसेल. तो दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जावा. त्या शाळेचा शिक्षक नसल्यामुळे मुलांना त्याची भीती कमी वाटेल, आणि तो मार्क देणारा नसेल. प्रत्येक शाळेत एक शिक्षिका आणि एक शिक्षक यांना प्रशिक्षण मिळावे, तेही मूल ओळखून पुढे पाठवण्यापुरते. सल्ला देण्याची घाई त्यांनी करू नये. डॉक्टर असूनही मला ती आवरली नव्हती, हे वर सांगितलेच आहे.

सध्या जे आहे तेही लोकांना ठाऊक नसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत केंद्रे असतात. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. वणी किंवा उमरखेडच्या बाईला तिथे पोहोचायचे म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास एसटीचा प्रवास आणि दिवसाची मजुरी बुडते, पण गरज पडली तर जावेच. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. तो फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येते. दोन खोल्यांच्या घरात बापाच्या खिशातल्या फोनवरून मुलीने हे बोलावे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून आईबापांना सांगतो, हा क्रमांक भिंतीवर कॅलेंडरजवळ लिहून ठेवा आणि पोराने फोन मागितला तर कोणाला लावतोस म्हणून विचारू नका.

घरात पाहायचे काय, असे पुष्कळजण विचारतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडली, मित्र सोडले, आवडता खेळ सोडला, कारण नसताना पोट-डोके दुखू लागले, चिडचिड एकदम वाढली, तर लक्ष द्यावे. "मी नसलो तर बरं होईल" असे तो थट्टेत म्हणाला तरी ती थट्टा समजू नये. सरळ विचारावे, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा आपला गैरसमज आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलीस मागे लागतील ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे मानले आहे. तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घ्यायची आहे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. फवारणीचे औषध घरात, खाटेखाली, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका. पेटीत ठेवून कुलूप लावा, किल्ली कंबरेला. अशी लाट मुलांच्या मनात कित्येकदा थोड्याच वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणे म्हणजेच जीव वाचणे. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथल्या एकूण आत्महत्या दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे २०१७ च्या हंगामात फवारणी करतानाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हे औषध काय चीज आहे ते यवतमाळकरांना नव्याने सांगायला नको.

त्या मुलीचे काय झाले, हे राहिलेच. तिच्या परवानगीने दुसऱ्या भेटीत आईला आत घेतले. आई रडली, मुलगी जे टाळत होती तेच झाले, आणि त्याने आभाळ कोसळले नाही. मग दोघींनी एक ठरवले. त्यात माझा सल्ला काही नव्हता. आई म्हणाली, "मी रातच्याले उठली का तुले उठवीन. नाही उठवलं तर समज मी झोपूनच आहो." पहिले काही दिवस आईने खरोखरच प्रत्येक वेळी उठवले, पाणी प्यायला उठली तरी. तिसऱ्या भेटीपर्यंत मुलगी चार-पाच तास झोपू लागली होती. पाचव्या भेटीनंतर मी बोलावणे बंद केले.

परवा ती आली होती. दहावीत आहे. नाक वाहत होते. सर्दीचे औषध घेतले आणि शाळेची वेळ झाली म्हणून गेली.